सातवा पेसमेकर

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला आजवर कधी लाज वाटली नव्हती. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली, तर मी बाकीची भाजी पिशवीतून काढून बघतो. सुहाना, माझी बायको, म्हणते की मला जन्नतच्या दारात उभं केलं तरी मी आधी पहारेकऱ्याचं ओळखपत्र मागेन. पण माझं कामच तसलं आहे. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात मी हृदयविभागाचा टेक्निशियन आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय, त्यांचं यंत्र नीट चालतंय का, बॅटरी किती उरलीय, हे मी तपासतो. पेशंट म्हणतो, मला बरं वाटतंय. मी मान डोलावतो आणि यंत्राला विचारतो.

सप्टेंबरच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं. एका बॅचच्या पेसमेकरमध्ये दोष सापडला होता. बॅटरी जी वर्षानुवर्षं हळूहळू उतरायला हवी, ती एकाएकी उतरू शकते, असं त्यात लिहिलं होतं. अशा पेशंटना बोलावून तपासा, लागेल तिथे यंत्र बदला, खर्च कंपनी करेल, आणि प्रत्येकाचा अहवाल कंपनीला आणि मुंबईच्या सरकारी कार्यालयाला पाठवा. ‘क्वचित प्रसंगी’ हे शब्द एका पानात चार वेळा आले होते. जी गोष्ट खरंच क्वचित घडते, ती कुणी चार वेळा सांगत नाही.

त्या बॅचची सात यंत्रं आमच्याकडे बसली होती. सहा पेशंट आठवड्याभरात सापडले. त्यातल्या दोघांची यंत्रं तातडीनं बदलावी लागली, म्हणजे माझा संशय अनाठायी नव्हता. सातवं नाव होतं साळूबाई पुंजा वडजे, तालुका दिंडोरी. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, सरकारी योजनेच्या कार्डावर तिला पेसमेकर बसवला होता. मी तेव्हा या दवाखान्यात नव्हतो. फाइलीत लिहिलं होतं की बाईचं स्वतःचं हृदय मिनिटाला अठ्ठावीसच ठोके देतं. म्हणजे सगळा भार यंत्रावर. ते थांबलं तर बाई उभ्या जागी कोसळणार आणि परत उठेल याची खात्री नाही. अशी बाई साडेतीन वर्षांत एकदाही तपासणीला आली नव्हती.

मी फोन लावला. एका पुरुषानं उचलला.

“साळूबाईंचा नंबर ना हा? दवाखान्यातून बोलतोय, पेसमेकरबद्दल.”

“राँग नंबर हाय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या फोनवरून लावला. तोच आवाज. या वेळी म्हणाला, साळूबाई माहेरी गेलीय. राँग नंबरवाल्याला साळूबाईचं माहेर कसं ठाऊक? तिसऱ्या दिवशी माझे दोन्ही नंबर ब्लॉक झाले होते. रजिस्टर पत्र पाठवलं, ते ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं. आता मला गप्प बसवेना.

रविवारी मी अदिबाला बरोबर घेतलं. अदिबा आमच्या विभागातली सिस्टर. बाईच्या छातीशी यंत्र धरायचं तर बाईच हवी. तपासणीचं मशीन, लॅपटॉपएवढं, तिच्या मांडीवर, आणि मी पुढे मोटरसायकल चालवतोय, असे आम्ही दिंडोरीच्या पुढे गेलो. द्राक्षबागांच्या छाटणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही कडेला छाटलेल्या काड्यांचे ढीग पडले होते.

वडजेंचं घर बागेला लागूनच होतं. स्लॅबचं, नवा रंग दिलेलं, दारात पिकअप. ओट्यावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. चेहरा सुजल्यासारखा, आणि एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. हाच पुंजा. फोनवरचा आवाज मी लगेच ओळखला.

“योजनेच्या ऑफिसातून आला का?” त्यानं विचारलं.

“नाही. दवाखान्यातून. तुमच्या मंडळींच्या छातीतलं मशीन तपासायचंय. त्यात दोष निघालाय.”

“आमच्या मंडळींच्या छातीत काय मशीन-बिशीन नाय.”

“कागदावर आहे.”

“कागदावर लय काही ऱ्हातं, साहेब.” त्यानं आत बघून हाक मारली. “साळू, बाहेर ये. या सिस्टरला काय बघायचं ते बघू दे, म्हणजे कटकट मिटली.”

साळूबाई आली. धट्टीकट्टी, डोक्यावर पदर, हाताला माती. अदिबा तिला आत घेऊन गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. दुसरी एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. तोंडवळा साळूबाईचाच, फक्त बारीक आणि चेहरा पांढुरका. ती दारात असतानाच तिचा फोन वाजला. उजव्या हातात ट्रे होता. तिनं तो अवघडून डाव्या हातात घेतला, चहा बशीत सांडला, मग उजव्या हातानं फोन काढून बोलली आणि ट्रे माझ्यापुढे ठेवून आत गेली. मी बशीतला चहा परत कपात ओतला आणि प्यायलो.

अदिबा बाहेर आली ती कपाळाला आठ्या घेऊनच.

“रियाजभाई, कातडीवर ओरखडासुद्धा नाही. मशीन लावून पाहिलं, आत काहीच नाही. नाडी बहात्तर.”

“झालं समाधान?” पुंजा म्हणाला. “आता परत येऊ नका.”

परतीच्या वाटेवर मी एकटाच बोलत होतो. बिल निघालं, योजनेचे पैसे आले, रजिस्टरमध्ये यंत्राचं स्टिकर चिकटलं, आणि बाईच्या छातीत काही नाही. कोरोनात कोण कुणाला बघत होतं? डॉक्टरांनी कागदावर पेसमेकर बसवला आणि खरं यंत्र दुसरीकडे विकलं. अदिबा मागून एवढंच म्हणाली, “मग तो माणूस आपल्याला इतका का घाबरत होता?” तो प्रश्न मी वाऱ्यावर सोडला. आपल्याला हवं ते उत्तर हाताशी असलं की माणूस पुढचं ऐकत नाही.

सोमवारी मी डॉक्टर ललित यांच्यासमोर फाइल ठेवली. ते आमच्या विभागाचे मुख्य. त्यांनी एक्स-रे काढून दाखवला. छातीत यंत्र स्पष्ट दिसत होतं, दोन्ही तारा जागेवर.

“मी स्वतः बसवलाय,” ते म्हणाले. “द्राक्षाच्या बागेत पडली होती ती बाई. मला आठवतेय.”

“चेहरा आठवतोय?”

“चेहरा कसा आठवेल? सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते.”

“म्हणजे हा एक्स-रे दुसऱ्या कुणाचाही असू शकतो.”

त्यांनी एक्स-रे पाकिटात परत घातला. “रियाज, तुला मी चोर वाटतो का?”

मी ‘नाही’ म्हणालो नाही. संध्याकाळी मी मुंबईच्या कार्यालयाला आणि योजनेच्या ऑफिसला सविस्तर तक्रार पाठवली. साळूबाई पुंजा वडजे हिच्या कार्डावर पेसमेकरची नोंद आहे, प्रत्यक्षात यंत्र आढळलं नाही, सिस्टर अदिबा यांच्या सहीचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे, कृपया चौकशी व्हावी. घरी जाऊन मी दोनदा वाढून घेतलं. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटत होतं, हे आता लिहितानाही कसंतरी होतं.

मंगळवारी सकाळी एका नव्या पेशंटला घरी सोडायचं होतं. मुस्तकीम चाचा, आमच्या भद्रकालीतलेच शिंपी. त्यांना मी नेहमीच्या सूचना देत होतो. डावा हात महिनाभर डोक्यावर न्यायचा नाही. मोबाइल छातीच्या खिशात ठेवायचा नाही. फोन नेहमी उजव्या हातानं, उजव्या कानाला धरायचा, कारण यंत्र डाव्या बाजूला आहे. चाचांच्या उजव्या हातात डबा होता. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं फोन कानाला लावून दाखवला आणि विचारलं, “असा?”

मी त्यांना उत्तरही दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे वडजेंचा ओटा आला, अवघडून डाव्या हातात गेलेला ट्रे आला, बशीत सांडलेला चहा आला. साडेतीन वर्षांपूर्वी इथे कुणीतरी दिलेली सूचना ती बाई अजून पाळत होती. तपासणीला येता येत नव्हतं, म्हणून जेवढं पाळता येईल तेवढं पाळत होती. डॉक्टर चोर नव्हते. मी चुकीच्या बाईची छाती तपासली होती.

अदिबाला सांगितलं तेव्हा ती आधी मशीन उचलायला धावली. गाडीवर बसल्यावर म्हणाली, “आणि तुम्ही पाठवलेलं पत्र?”

“बघू,” मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

पुंजा घरी नव्हता. दोघी बाया ओट्यावर होत्या आणि पिकअपचं चाक बदलत असलेला पुंजाचा धाकटा भाऊ गेणू. आम्हाला बघून साळूबाई उठून उभी राहिली.

“परत काय राहिलं?”

मी दुसऱ्या बाईकडे वळलो. “बाई, तुम्ही फोन उजव्याच कानाला का धरता?”

तिचा हात आपोआप डाव्या खांद्याखाली गेला आणि तिथेच राहिला. गेणूनं हातातला पाना खाली ठेवला.

“सखू, आत जा,” साळूबाई म्हणाली.

“राहू दे, अक्का. त्यांना कळलंय.”

मग साळूबाईनंच सगळं सांगितलं. दोघी सख्ख्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. एकाच घरात भाऊ चुलीनं वेगळे झाले तेव्हा पुंजाचं रेशनकार्ड केशरी राहिलं. गेणूनं पिकअप घेतली, कर भरला, त्याचं पांढरं झालं. त्या वेळी पांढऱ्या कार्डाला योजना लागू नव्हती. सखुबाई बागेत बेशुद्ध पडली, एका दवाखान्यात जागा नाही, दुसऱ्यात घेत नाहीत. आमच्या दवाखान्यात घेतलं आणि काउंटरवर कार्ड मागितलं, तेव्हा पुंजानं खिशातून आपलं कार्ड आणि बायकोचं आधार काढून दिलं. फोटोतले डोळे सारखेच होते आणि बाकीचं तोंड मास्कखाली होतं.

“तेव्हा दुसरं काय सुचणार होतं?” साळूबाई म्हणाली. “माझी बहीण मरत व्हती.”

अदिबानं सखुबाईला आत नेलं. या वेळी मशीन बोललं. पाच मिनिटांनी अदिबानं कागद माझ्या हातात दिला. बॅटरी बदलायची मुदत कधीच उलटून गेली होती. यंत्र कसंबसं ठोके देत होतं.

“चक्कर येते का?”

“छाटणीच्या उन्हानं येते,” सखुबाई म्हणाली. “मोटरीपाशी दोनदा पडले.”

“ऊन नव्हे ते. मशीन बंद पडतंय. आज, आत्ता चला. बदलायचा खर्च कंपनी करतेय.”

“मी नाय येणार.”

“का?”

“दाजी आत्ता कुठं गेलेत, ठाऊक हाय का? नाशिकला, डायलिसिसला. मंगळवार आणि शुक्रवार. दोन्ही किडन्या गेल्यात त्यांच्या. दीड वर्ष झालं, त्याच कार्डावर रक्त धुतात. मी मशीन दाखवायला आले की अक्काच्या नावावर मी कोण, हे निघणार. कार्ड बंद होणार. ज्यांनी मला जगवलं त्यांचं मी असं करू? अक्काचं कुंकू पुसून मी नवं मशीन बसवू?”

मला त्या पूर्ण बाह्यांचा उलगडा झाला. साळूबाईकडे बघवत नव्हतं. तिनं बहिणीचा हात धरला होता. ये म्हणावं तर नवरा, नको म्हणावं तर बहीण, आणि ती काहीच म्हणत नव्हती. गेणू चाकाशेजारी तसाच उकिडवा बसून रडत होता.

खोटं बोलणं फार सोपं होतं. कुणाला काही कळणार नाही, मी सांभाळून घेतो, एवढं म्हटलं असतं तर सखुबाई बहुतेक आली असती. अदिबा माझ्याकडे बघत होती.

“मला एक सांगायचंय,” मी म्हणालो. “काल संध्याकाळी मी सरकारकडे तक्रार पाठवलीय. साळूबाईंच्या छातीत यंत्र नाही, चौकशी करा, अशी. मला वाटलं, डॉक्टरांनी लबाडी केली. असं काही असेल याचा अंदाज मला नव्हता. पण पत्र गेलंय. ते इथे चौकशीला येतील.”



“म्हंजे आमच्या घरात बसून चहा प्यायलात,” साळूबाई म्हणाली, “मी विश्वासानं अंग बघू दिलं, आन् तुम्ही जाऊन कागद केला.”

“हो.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. मी मान खाली घातली.

सखुबाई मात्र दुसराच विचार करत होती. “मग आता मी नाय आले, तरी कार्डाचं जे व्हायचं ते व्हणारच?”

“होय. ते आता माझ्याही हातात नाही. तुम्ही आला नाहीत तर कार्ड जाईल आणि तुम्हीपण जाल.”

तिनं बहिणीच्या हातातून हात सोडवून घेतला. “त्यांना म्हणावं, चाक बसवा,” ती साळूबाईला म्हणाली. नवऱ्याशी बोलायचं बळ तिच्यात नव्हतं, असं मला वाटलं. गेणूनं नट आवळायला घेतले, दोन नट मी आवळले.

डॉक्टर ललित यांना मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“आणि मला चोर ठरवून ठेवलं होतंस.”

“हो. चूक झाली.”

“ती पत्रात लिही. तिला आत घ्या.”

ऑपरेशनआधी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, असा नियम आहे. पेशंटची अदलाबदल होऊ नये म्हणून. सखुबाई टेबलावर आडवी होती, अंगावर हिरवी चादर. मी फॉर्म घेऊन जवळ गेलो.

“तुमचं पूर्ण नाव सांगा.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “खरं सांगू, का मागच्या टायमाचं?”

अदिबाचे हात थांबले. डॉक्टरांनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. मागच्या वेळचं नाव लिहिलं असतं, तर कंपनीच्या यादीतला सातवा पेशंट सापडला असता, हिशोब जुळला असता, आणि मी ‘आधीच्या तपासणीत चूक झाली’ असं कळवून मोकळा झालो असतो. पण तिच्या छातीत उद्या काही बिघडलं तर पुन्हा बोलावणं दुसऱ्याच बाईला गेलं असतं.

“खरं,” मी म्हणालो.

“सखुबाई गेणू वडजे,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

काढलेल्या यंत्राची तपासणी मी स्वतः केली. फार तर दोन-तीन दिवस टिकलं असतं. मग मुंबईला आणि योजनेच्या ऑफिसला दुसरं पत्र लिहिलं. डॉक्टरांवरचा आरोप मागे घेतला, झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी विनंती केली की पुंजा वडजे यांचं डायलिसिस थांबवू नये, कारण गुन्हा केला तेव्हा त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. सरकारी पत्रात असलं वाक्य बसत नाही, पण मी ते खोडलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकून पुंजाच्या डायलिसिसच्या दवाखान्यात गेलो. नाशिकच्या द्वारका चौकापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. तो रांगेत उभा होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

“सखुबाई उद्या घरी येतील,” मी म्हणालो. “ठोके व्यवस्थित आहेत.”

“सांगितलं गेणूनं.”

“मी दुसरं पत्र पाठवलंय. तुमच्याबद्दल चांगलं लिहिलंय.”

“तुम्ही पहिल्यांदा आलता, तवाबी म्हणले व्हते, मी योजनेचा माणूस नाय.”

त्याचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, त्याचा अंगठा मशीनवर ठेवला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. मशीन विचार करत होतं. पुंजाचा श्वास मला ऐकू येत होता आणि माझा मी धरून ठेवला होता.

“जा काका, तीन नंबरची खुर्ची,” ती म्हणाली.

तो गेला नाही. तिथेच उभा राहून त्यानं डाव्या बाहीची बटणं सोडली, बाही कोपरापर्यंत वर सरकवली. सुयांनी फुगलेल्या, गाठी आलेल्या शिरा मी पहिल्यांदाच पाहिल्या.

“आज चाललं,” तो म्हणाला. “मंगळवारी?”

सांगण्यासारखं बरंच होतं. पत्र पोचलं असेल, कुणी वाचलंही नसेल, दुसरं पत्र पहिल्याच्या आधी उघडलं जाईल, चौकशीला सहा महिने लागतील.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि खुर्चीकडे गेला. एवढ्या दिवसांत माझं हे एकच बोलणं त्याला खरं वाटलं.